भिंतीलगतचा बाक

साहेबांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. इतकी वर्षं त्यांचा पीए होतो, तेव्हा ते ओघानेच आलं. साधी राहणी, दांडगा जनसंपर्क, दोनदा आमदार होऊनही पाय जमिनीवर, असं सगळं मी बोललो. लोकांनी माना हलवल्या. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना बाक माहीत होता आणि त्याचा विषय कुणीच काढला नाही. इतरांचं मला ठाऊक नाही. मला काढता आला नाही, कारण बाकाचा विषय निघाला की माझ्या वडिलांचा निघतो.

विक्रोळीला पूर्वेच्या बाजूला साहेबांचं कार्यालय होतं. दोन गाळे एकत्र केलेले. पुढे लोकांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत साहेबांचं टेबल, आणि टेबलासमोर भिंतीलगत एक लाकडी बाक. गर्दी कितीही असो, त्या बाकावर बसायचं नाही. नवखा माणूस टेकलाच, तर साहेब बोलणं थांबवून हळूच म्हणायचे, "जरा इकडे या. तिथे बसलेत." माणूस मागे वळून बघायचा. बाक रिकामा. मग तो साहेबांकडे बघायचा, थट्टा चाललीय का म्हणून. साहेबांना थट्टा जमत नसे.

एकदा एक कंत्राटदार बसला. फोनवर बोलत होता, त्याला कुणी सांगायच्या आत बसला. जरा वेळाने स्वतःच उठला, पँट मागून चाचपली आणि मला म्हणाला, "काय रे, पाणी सांडलंय काय इथे?" मी हात फिरवून पाहिला. बाक कोरडा होता. कंत्राटदाराची पँटही कोरडीच होती. पण पुढे तो आला की उभ्यानेच बोलायचा.

साहेब उंच होते आणि खांद्यात वाकलेले. बिनलेसचे कॅनव्हासचे बूट घालायचे, कारण दिवसातून कितीतरी घरांच्या दारात ते काढावे लागत. वाढदिवसाचा फ्लेक्स त्यांनी स्वतःचा कधी लावू दिला नाही. कार्यकर्त्यांची नावं विसरायचे, ह्याला त्याच्या नावाने हाक, त्याला ह्याच्या. पण गेलेल्या माणसांची नावं, चाळ, खोली, दारापाशी काय होतं, सगळं पाठ. आणि 'गेले' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. ते म्हणायचे, "त्यांचं काम राहिलंय."

हे सुरू झालं ते कांजूरमार्गच्या एका म्हातारीपासून. आम्ही पहिल्यांदा निवडून आलो होतो त्याच वर्षी. कचऱ्याच्या डम्पिंगच्या अंगाला चाळी आहेत, तिथली मालवणी म्हातारी. बरेच दिवस अन्न सुटलेलं, डॉक्टरने हात टेकलेले, पण जीव जात नव्हता. सून दमून गेली होती. साहेब नुसते भेटायला म्हणून गेले, आमदार जातो तसे. म्हातारीने त्यांचं बोट धरलं आणि विचारलं, "माझ्या नळाचा काय झाला?"

प्रचाराच्या वेळी साहेबांनी तिला नळ देतो म्हटलं होतं. तसं त्यांनी सगळ्यांनाच काही ना काही म्हटलं होतं. साहेब वाकले, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "मावशी, काम झालं. दारात पाणी आलं." म्हातारीने बोट सोडलं. आम्ही चाळीतून बाहेर पडून गाडीपर्यंत पोचतोय तोच मागे रडणं ऐकू आलं.

गाडी हायवेला लागल्यावर साहेब म्हणाले, "नळ कधी बसेल?" मी म्हटलं, साहेब, यंदा निधी संपला, पुढच्या वर्षी बघू. ते खिडकीबाहेर खाजण बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर त्यांनी गोदामातून तो बाक आणवला होता. "मावशी उभ्या आहेत मघापासून," मला म्हणाले.

नळ बसेपर्यंत त्यांनी पाणी खात्याला सळो की पळो करून सोडलं. ज्या दिवशी पाणी आलं, त्या दिवशी बाकाच्या एका टोकाकडे बघून ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "निघाल्या."

सून गप्प बसणारी नव्हती. साहेबांनी कानात सांगितलं आणि सासूची सुटका झाली, हे तिने विहिरीपासून भाजीवालीपर्यंत सगळीकडे सांगितलं. मग बोलावणी यायला लागली. साहेब, आमचे आजोबा अडकलेत. साहेब, आईचे हाल बघवत नाहीत, एकदा येऊन जा. रस्ते, गटारं, शौचालयं ह्यांची निवेदनं असायचीच. पण लोक निवेदन देऊन झाल्यावर मला बाजूला घेऊन आवाज खाली आणायचे, तेव्हा मला कळायचं की हे त्यातलं आहे.

ह्यात माझं एक काम असे, आणि ते मी फार चांगलं करायचो. साहेबांच्या आधी मी जायचो. घरच्यांबरोबर बसायचो, चहा घ्यायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. "बाबांच्या मनात काही राहिलंय का हो?" हे असं सरळ विचारून कुणी सांगत नाही. मला ते काढून घेता यायचं. कुणाला मुलगा नोकरीत कायम झालेला बघायचा असे. कुणाला गल्लीच्या तोंडाचा दिवा. एका मास्तरांना शाळेच्या भिंतीची एक भेग सलत होती. साहेब आले की जिन्यातच मी त्यांना एका वाक्यात सांगायचो. ते आत जायचे, वाकायचे, कानात सांगायचे. मग कुणी तासाभरात, कुणी दुसऱ्या दिवशी. आणि बाकावर एक माणूस वाढायचं.

दिलेला शब्द ते पुरा करायचेच. जिवंत माणसांची कामं मागे पडायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "तुम्ही उद्या परत येऊन मला शिव्या घालाल. त्यांना येता येत नाही." विधानसभेतही त्यांचं हेच. आपला पक्ष काय बोलतोय, समोरचे काय ओरडतायत, ह्याकडे लक्ष नाही. संधी मिळाली की उठून एका गल्लीतल्या एका दिव्याबद्दल बोलायचे. एकदा मंत्र्यांनी वैतागून विचारलं की माननीय सदस्य ज्यांच्यासाठी एवढं भांडतायत ते गृहस्थ आहेत तरी कोण, हयात तरी आहेत का. सभागृह हसलं. साहेब हसणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "नाहीत. म्हणूनच घाई आहे." पुढच्या बाकांवरचं हसणं एकदम बंद झालं. मी वर गॅलरीत होतो. मंत्री खाली कागदात बघत बसले आणि दिवा मंजूर झाला.

दुसऱ्या वेळी आम्ही धडाक्यात निवडून आलो. ज्या ज्या घरी साहेब वाकले होते, ती घरंच्या घरं मतदानाला उतरली. पण त्याच प्रचारात मी दुसरंही बघितलं. फेरी गल्लीत शिरली की काही घरांतून म्हाताऱ्या माणसांना आत नेलं जायचं. ओवाळायला सुना यायच्या, सासवा नाहीत. मुलुंडला एका लग्नाला गेलो होतो, तिथे नवरीच्या आजीला मागच्या दाराने घेऊन गेले. वधूपक्षाचा कोणीतरी माझ्या कानाशी म्हणाला, "यार, तुमच्या साहेबांना सांग ना, आजीच्या जवळ नका जाऊ." मी हसलो. साहेबांनी ते ऐकलं होतं. जेवले नाहीत. गाडीत म्हणाले, "मी कुणाला नेत नाही रे. मी फक्त काम झालं म्हणून सांगतो."

आता वडिलांचं.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहत होता. आम्ही विक्रोळीतच मेन रोडवर भाड्याच्या जागेत होतो, पहिल्या मजल्यावर. शेजारी सगळे नवे. बाबा गिरणीतले, मूळचे मालवणकडचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. दार वाजलं की मान वळवायचे आणि विचारायचे, "इलो?" म्हणजे आला का. दादा आला का.

दादा माझा थोरला भाऊ. चाळीतल्या खोलीवरून आमचं वाजलं होतं. खोली एक आणि संसार दोन. बाबा माझ्या बाजूने बोलले, माझी आमदाराकडे उठबस म्हणून असेल, आणि दादाला म्हणाले, तू तुझं बघ. दादा वहिनीला घेऊन मानखुर्दला गेला. त्यानंतर त्याने पाऊल टाकलं नाही.

बाबा आजारी पडल्याचं मी दादाला कळवलं नाही. नातेवाइकांना सांगितलं, बरे आहेत, थोडा अशक्तपणा. इथे कारण लिहायलाच हवं. दादा आला असता, तर बाबांनी त्याचा हात धरला असता आणि टॉवरमधल्या घराचा विषय निघाला असता. मी मनाशीसुद्धा हे एवढं स्पष्ट बोललो नव्हतो. आज बोलतोय.

मग महिने गेले. बायको नोकरी करून बाबांचं करत होती, मीही करत होतो. धुणं, पुसणं, कूस बदलणं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, अशी माणसं वर्षानुवर्षं राहतात, सेवा करा. मी खाली उतरून रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगता येईना.

साहेबांना मी सांगितलं, "बाबांचा जीव अडकलाय. एकदा येता का?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काही खरं नाही म्हणतात."

"कशात अडकलाय?"

"दादात. पण मी दादाशी बोललोय, साहेब. तो निघालाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जिन्यात मी सांगेन ते ते घेत आले होते. तसंच त्यांनी हेही घेतलं.

दुपारची वेळ होती. बाबा जागे होते. दाराचा आवाज झाल्यावर मान वळली, "इलो?" मी रोज सांगायचो, येतोय, येतोय. त्याने कधी काही झालं नव्हतं. माझ्यावर त्यांचा विश्वास नसावा. साहेबांवर होता, मत दिलं होतं त्यांना. साहेब वाकले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण मी पायाशीच उभा होतो. "थोरला निघालाय. पोचेलच." बाबांचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता. साहेब गेले. बाबा दाराकडे बघत राहिले. संध्याकाळी दिवा लावायला बायको उठली तेव्हाही दाराकडेच बघत होते. पण ते नुसते डोळे उघडे होते.

मग मी दादाला फोन केला.

तो थेट स्मशानात आला. चेहरा सुजलेला, बुटांना सिमेंट. म्हणाला, "काय झालं? आजारी होते का? मला कळवलं का नाहीस?" मी म्हटलं, अचानक झालं रे, काल तर ठीक होते. दादाने मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मला साहेब दिसले. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग चितेकडे. बूट घालून निघून गेले.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. कार्यालय उघडलं, पंखा लावला, पेपर ठेवले. साहेब आले, खुर्चीत बसले, बाकाकडे बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुझे बाबा आलेत."

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

"काम काय ते सांगत नाहीत," साहेब म्हणाले. "सारखे दाराकडे बघतायत."

मी बाकाकडे पाहिलं नाही. पुढे ज्या दिवसांत मी तिथे काम केलं, त्यांतल्या एकाही दिवशी पाहिलं नाही. बाकाला पाठ करून बसायला लागलो आणि मानेला सतत कुणीतरी बघतंय असं व्हायचं. एखादा माणूस दारातून आत आला की माझ्या मागे लाकूड किंचित करकरायचं, जसं कुणी पुढे झुकल्यावर करकरतं. लाकूड जुनं होतं, हे मला माहीत आहे.

साहेबांनी मला एकदाही दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "भावाला सांग. मला शब्द पुरा करता येत नाही, तो तुझ्या हातात आहे." मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही.

त्यानंतर बोलावणं आलं तर साहेब जायचे बंद झाले. लोक दारात येऊन रडायचे, आमच्याच आईच्या वेळी का नाही साहेब, आमची मतं नाहीत का? साहेब हात जोडायचे. मला एकट्याला म्हणाले, "मी जे सांगणार ते खरं आहे की नाही, हे आता मलाच माहीत नसतं. वाकू कसा?" पीए बदला म्हणून मीच म्हटलं. "तुला कुठे पाठवू?" म्हणाले. "ते तुझ्यासाठी बसलेत."

पुढच्या निवडणुकीला पक्षाने तिकीट कापलं. ज्यांच्या घरी ते गेले होते ते लोक विसरले होते, ज्यांच्या घरी गेले नाहीत ते विसरले नव्हते. लोक अजून म्हणतात की गटबाजीत साहेबांचा बळी गेला. मी ऐकून घेतो. एका माणसाचं राजकारण माझ्या एका वाक्याने संपलं, हे कुणाला सांगणार?

शेवटची वर्षं ते घाटकोपरला मुलाकडे होते. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्यात घेतलं नाही. ते खाली उतरले की बाकीच्यांना घरी काहीतरी काम आठवायचं. मी अधूनमधून जायचो. गच्चीवर खुर्ची टाकून बसलेले असायचे. बसा, चहा घ्या, असं काही नाही. "सांगितलंस?" मी मान हलवायचो, नाही. मग आम्ही दोघं समोरच्या टाकीवरची कबुतरं बघत बसायचो. एका दुपारी जेवून झोपले आणि उठले नाहीत. कानात सांगायला कुणी नव्हतं, बरं झालं.

शोकसभेत मी बोललो, हार घातला, खाली उतरलो आणि रिक्षा करून सरळ मानखुर्दला गेलो. आधी फोन केला नाही. केला असता तर गेलो नसतो.

दादा घरी होता. पाय सोडून टीव्हीसमोर बसलेला, केस पूर्ण पांढरे. वहिनी म्हणाली, अगं बाई, भावोजी, आज कसे काय? मी बसलोच नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. झटका आला तेव्हापासूनचे महिने. डॉक्टर काय म्हणाले ते. रोज दाराकडे बघून काय विचारायचे ते. साहेबांना मी काय सांगितलं आणि साहेबांनी बाबांना काय सांगितलं ते. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. दादाने टीव्हीचा आवाज बंद केला, चित्रं हलत राहिली.

"कधीपासून पडून होते म्हणालास?"

"पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून. दिवाळी होईपर्यंत."

दादाने रिमोट खाली ठेवला. मला वाटलं उठून मारेल. मारलं असतं तर चाललं असतं.

"त्या वर्षी मी विक्रोळीलाच कामाला होतो रे," तो म्हणाला. "तुमच्या घराच्या पुढे टॉवरची साइट होती ना, तिथे सुपरवायझर. रोज सकाळी समोरच्या फुटपाथवरून जायचो. तुमची खिडकी दिसायची. वाटायचं, बाबा तिथे असतील, एकदा हाक मारतील. मग जाईन वर. आधी आधी खिडकी उघडी असायची. नंतर पडदा लागला. मला वाटलं, मला बघूनच लावला."

"पडदा मी लावला," मी म्हटलं.

"का?"

आणि मला त्या सकाळी आठवल्या. बाबांची कूस बदलून झाली की मी चहा करायला वळायचो, आणि ते खिडकीकडे हात करायचे. रोज, त्याच वेळेला. मी म्हणायचो, हो हो, ऊन लागतंय ना डोळ्यांवर. आणि एक दिवस जाऊन जाड पडदा घेऊन आलो.

ते मी दादाला सांगितलं. वहिनी आत निघून गेली. दादा माझ्याकडे बघत नव्हता, टीव्हीतल्या मुक्या माणसांकडे बघत होता.

"कुठला हात?" त्याने विचारलं.

मी डावा हात वर केला. कोपर अंगालगत, बोटं अर्धी मिटलेली, मनगट थोडं थरथरतं, जसा ते करायचे तसा. दादाने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मी तो खाली घेतला नाही.